कावीळ येते ती महिनाभर आधी

डोंबिवलीकर पाण्याकडे रंगावरून बघायला शिकला आहे. जानेवारी २०१४ मध्ये एमआयडीसी भागात हिरवट पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले. वालधुनी नदीच्या पाण्याचा रंग बदलतो, हे शेजारच्या कल्याण-उल्हासनगरात शाळकरी पोरंही सांगतात. रसायनांच्या शेजाराने इतकी वर्षं काढल्यावर डोळा आणि नाक हीच इथल्या माणसाची प्रयोगशाळा झाली. सकाळी नळाला पाणी आलं की पहिली धार ओंजळीत घ्यायची, वास बघायचा, गढूळ असेल तर दोन बादल्या सोडून द्यायच्या आणि मग पिण्याचं भरायचं. घरोघरी बायका हे करतात आणि ते योग्यच आहे.

पण कावीळ ज्या पाण्यातून येते, ते पाणी या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतं. हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई या दोन्ही विषाणूंना रंग नाही, वास नाही, चव नाही. स्टीलच्या पिंपात तळ दिसेल असं नितळ पाणीही हे विषाणू घेऊन येऊ शकतं.

यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी बी आणि सी हे रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला लागतात. त्यांची भीती मोठी आहे, त्यांच्यावर बोललंही जातं. ए आणि ई यांचा रस्ता वेगळा, आणि सांगायला ओशाळवाणा आहे. एका माणसाच्या विष्ठेतून ते दुसऱ्याच्या तोंडात जातात. पाण्यातून, बर्फातून, चटणीतून, न धुतलेल्या हातातून. सभ्य समाजात कुणी हे वाक्य मोठ्याने म्हणत नाही, आणि न म्हणण्याची किंमत आपण मोजत आलो आहोत.

आजार कसा वाढतो ते बारकाईने बघायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. ए विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी चार आठवडे. ई विषाणूला दोन ते दहा आठवडे, बहुतेकदा पाच-सहा. सुरुवात कावीळ वाटावी अशी नसते. थोडा ताप, अंग मोडून येणं, मळमळ. ज्याला सकाळचा चहा लागतो त्याला चहाचा वास नकोसा होतो, सिगारेट ओढणाऱ्याला सिगारेट नकोशी होते, फोडणीचा वास आला की उमासे येतात. मग लघवी गर्द पिवळी होते, आणि एके दिवशी आरशात बघताना डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसतो. तोवर घरातले म्हणत असतात की पित्त झालं असेल. विषाणू शरीराबाहेर सर्वांत जास्त पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दिवसांत. म्हणजे माणूस ऑफिसला जातो आहे, मुलांचे डबे भरतो आहे, कुणी हॉटेलात कणीक मळतो आहे, आणि आपण आजार वाटतो आहोत याची त्याला कल्पनाही नाही.

डॉक्टरांकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाहेरचं काही खाल्लं होतं का?

ठाणे-कल्याण पट्ट्यात या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस सापडायचा नाही. सकाळी सहा-सातच्या लोकलला लटकून मुंबई गाठणारा आणि रात्री नऊला फलाटावर उतरणारा माणूस बाहेरचं खाणारच. स्टेशनबाहेरचा वडापाव, उन्हाळ्यात उसाचा रस, शनिवारी पाणीपुरी. मग रुग्ण मान हलवतो, डॉक्टर मान हलवतात, घरचे म्हणतात, 'तरी सांगत होतो', आणि तपास तिथेच संपतो. दोष रुग्णाच्या जिभेवर किंवा गाडीवाल्याच्या हातावर टाकून सगळे मोकळे. २०११ मध्ये ठाण्यातल्या एका पाणीपुरीवाल्याची किळसवाणी चित्रफीत पसरली, तेव्हा शहर पेटून उठलं होतं, गाड्या उलथल्या गेल्या. तो संताप मला समजतो. पण गाडी दिसते म्हणून तिच्यावर राग काढता येतो. जमिनीखालचा पाइप दिसत नाही.

गाड्यांना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. पाणीपुरीचं पाणी उकळलेलं नसतं, हिरव्या चटणीत कच्चं पाणी असतं, आणि बर्फ तर फारच वाईट. खाण्याचा बर्फ आणि मासे-मुडदे टिकवायचा बर्फ यांत फरक कळावा म्हणून अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती केली. उसाच्या रसवंतीवर पुढच्या वेळी उभे राहाल तेव्हा लादीकडे जरूर बघा. पण गाडीवाला पाणी कुठून आणतो? जवळच्या चाळीतल्या नळावरून, सोसायटीच्या टाकीवरून किंवा टँकरवरून. जे तुम्ही घरी पिता तेच तो पुरीत घालतो. शहराच्या पाण्याची अवस्था त्याच्या गाडीवर आधी दिसते, एवढाच फरक.

म्हणून पाण्याच्या वाटेने उलटं चालत जायला हवं.

कल्याण-डोंबिवली महापालिकेचं पाणी मुख्यतः उल्हास नदीचं. मोहिली, बारावे, नेतिवली आणि टिटवाळा इथल्या केंद्रांत ते शुद्ध होतं. ठाण्याला भातसाचं पाणी पिसे बंधाऱ्यावरून उचलून टेमघरला शुद्ध करून मिळतं. स्टेम पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही वाटा येतो. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, जांभूळच्या केंद्रातून आलेलं. नदीची तब्येत काही चांगली नाही. कर्जत-नेरळपासून बदलापूरपर्यंतच्या वस्त्या वाढल्या, त्यांचं सांडपाणी वाढलं, उल्हासनगरचा खेमाणी नाला नदीत येऊन मिळत राहिला आणि तो वळवण्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. उन्हाळ्यात जलपर्णी पात्र झाकून टाकते. वालधुनी-उल्हासच्या प्रदूषणासाठी 'वनशक्ती' संस्था राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये लवादाने इथल्या स्थानिक संस्थांना आणि सांडपाणी केंद्रांना दंड ठोठावला.

हे सगळं खरं. तरीही शुद्धीकरण केंद्र नीट चालत असेल, तुरटीने गाळ बसवला जात असेल, वाळूचे थर वेळेवर धुतले जात असतील आणि क्लोरीन नीट पडत असेल, तर केंद्राच्या दारातून बाहेर पडणारं पाणी पिण्यालायक असतं. बिघाड पुढे होतो. शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये.

कल्याण पूर्व, कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेटच्या मागचा डोंगरउतार. इथल्या कुठल्याही जुन्या चाळीच्या बोळात जा. बोळ तीन-चार फुटांचा, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. कडेने गटार, त्यावर शहाबादी लाद्या. एखादी लादी उचलली की खाली दिसतो अर्ध्या इंची जीआय पाइपांचा जुडगा. काही लोखंडी, गंजून पापुद्रे सुटलेले. काही प्लास्टिकचे, नंतर जोडलेले. ज्याने जसं कनेक्शन मिळवलं तसं गटारातून ओढत घरापर्यंत नेलं, कारण रस्ता खोदायला परवानगी लागते, पैसे लागतात आणि गटार मात्र आयतं खोदलेलं मिळतं. सांधा गळायला लागला की त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधतात, वरून सुतळी. पाइप अर्धा-अधिक काळ्या पाण्यात बुडालेला असतो, आणि त्या पाण्यात वरच्या घरांतल्या मोरीचं, संडासाच्या भरून वाहणाऱ्या टाकीचं पाणी मिसळलेलं असतं.

पाणी चालू असताना या फुटक्या पाइपाने आजार होत नाही. आत दाब असतो, पाणी फटीतून बाहेर उडतं. मग व्हॉल्व्हमन येतो, लांब दांड्याची चावी घालून व्हॉल्व्ह फिरवतो, वरचं पाणी बंद होतं आणि पाइपातलं उरलेलं पाणी सखल भागाकडे ओढलं जातं. पाइपात पोकळी होते आणि तीच फट आता बाहेरचं पाणी आत ओढून घेते. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते गटाराचं पाणी पहिल्या धारेबरोबर कुणाच्या तरी हंड्यात. त्यात चार घरांनी नळाला थेट टुल्लू पंप लावलेले असतील तर ओढ आणखी वाढते. शेजाऱ्याच्या पंपाने ओढलेली घाण आपल्या नळाला येते. टुल्लूवाल्या बाईवर कोण चिडणार? पंप नसेल तर तिच्या घरात थेंब येत नाही.

म्हणजे दिवसातून तास-दोन तास पाणी देणं, आठवड्यातून एकदा 'शटडाऊन' घेणं, उन्हाळ्यात कपात करणं, या प्रत्येक वेळी शहराची जलवाहिनी गटाराला तोंड लावते. २०१५-१६ च्या दुष्काळी हंगामात उल्हास खोऱ्यातल्या शहरांत आठवड्यातले काही दिवस पाणी बंद असायचं. त्या बंदची चर्चा गैरसोय म्हणून झाली. आरोग्याचा प्रश्न म्हणून ती व्हायला हवी होती. कपात अटळ असेल तर तिच्यानंतरच्या दोन महिन्यांत काविळीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हा कपातीच्या आदेशाचाच भाग असला पाहिजे.

इमारतींत राहणाऱ्यांनी आपण सुटलो असं मानू नये. सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचा चेंबर एकमेकांपासून किती फुटांवर आहेत, हे बहुतेक सभासदांना माहीत नसतं. चेंबर तुंबला, टाकीच्या भिंतीला चीर असली, की झालं. पावसाळ्यात अंगणात घोटाभर पाणी साचतं तेव्हा टाकीचं झाकण पाण्याखाली जातं. २६ जुलै २००५ ला अर्धं कल्याण पाण्यात गेलं होतं. त्यानंतर लेप्टोची साथ सगळ्यांना आठवते, पण टाक्यांत शिरलेल्या पाण्याचं पुढे काय झालं याची नोंद कुणाच्या वहीत सापडत नाही.

आणि टँकर. २०१५ मध्ये पुन्हा महापालिकेत आलेल्या २७ गावांत, भोवतीच्या वाढत्या संकुलांत, दिव्यात टँकर हा रोजचा पाहुणा आहे. टँकर कुठे भरला, बोअरवेलवर की विहिरीवर की महापालिकेच्या पाणवठ्यावर, त्यात क्लोरीन किती, टाकी आतून कधी धुतली, हे विचारलं तर ड्रायव्हर बघत राहतो, कारण आजवर कुणी विचारलेलं नसतं. खोटी कागदपत्रं करून उभारलेल्या डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं, २०२४ मध्ये त्या पाडायचे आदेश झाले. घरं घेणाऱ्यांची फसवणूक म्हणून त्याकडे बघितलं गेलं, ते बरोबरच. पण जी इमारत कागदावरच नाही, तिचं मलपाणी कुठे जातं आणि पिण्याचं पाणी कुठून येतं, हे कुठल्या नकाशावर असणार?

पाणी गटारातून आलं तर जुलाब आधी होतील, कावीळ नंतर, असं आपण धरून चालतो. आपल्या देशातल्या सर्वांत गाजलेल्या साथीने हा समज सत्तर वर्षांपूर्वी खोटा ठरवला. १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेला पूर आला, प्रवाह फिरला आणि नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पंपिंग स्टेशनच्या तोंडाशी आलं. तिथल्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. शहरात ना टायफॉइड वाढला, ना हगवण. सगळे निर्धास्त झाले. आणि डिसेंबरात कावीळ आली. दोनएक महिन्यांत सुमारे २९,३०० माणसं पिवळी पडली. जिवाणू मेले होते, विषाणू वाचला होता.

तेव्हा सगळ्यांना वाटलं की हा ए विषाणू. त्या साथीतले रक्तद्रव जपून ठेवलेले होते. पुढे पुण्यात १९७८-७९ मध्ये काविळीची साथ आली. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्याचीच, डॉ. खोर्शेद पावरी तेव्हा तिच्या संचालक. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि अमेरिकेच्या रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाने दिल्ली, अहमदाबाद आणि पुणे या तिन्ही साथींचे नमुने तपासले आणि १९८० मध्ये जाहीर केलं की हा ए नाही आणि बी-ही नाही. त्याच सुमारास काश्मीरमध्ये १९७८ च्या साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू त्याच निष्कर्षाला पोचले होते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिखाइल बालायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानात आजारी पडलेल्या सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. पाच आठवडे उलटल्यावर त्याला कावीळ झाली आणि त्याच्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. ई हे नाव नंतरचं. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी आजारी पडलेल्या साध्यासुध्या माणसांचं रक्त या शोधाच्या पायात आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

महाराष्ट्रात साथी थांबल्या नाहीत. १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यातून कावीळ पसरली. २०१२ मध्ये इचलकरंजीत ई विषाणूने हजारो लोकांना गाठलं, माणसं दगावली, पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला. देशात दिल्लीहूनही मोठी साथ १९९१ मध्ये कानपूरला झाली, अंदाजे ७९,००० रुग्ण. या सगळ्या नोंदलेल्या साथी. ठाणे-कल्याण पट्ट्यात जे घडतं ते बहुधा असं एकदम भडकत नाही. या चाळीत चार, त्या इमारतीत दोन, पलीकडच्या गल्लीत सहा, असं मार्चपासून ऑगस्टपर्यंत धुमसत राहतं. एकेकटा रुग्ण एकेकट्या डॉक्टरकडे जातो. कुणी एका कागदावर ते सगळे मांडत नाही, म्हणून साथ म्हणायची वेळच येत नाही.

दिल्लीचा धडा आपल्या नियमांत उतरलेला आहे, हे विशेष. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन हवं असं म्हटलं आहे; विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात ती यासाठीच. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. जितका गडद, तितकं जास्त. मिनिटभराचं काम आहे आणि साहित्य स्वस्त आहे. पण ही चाचणी करायची कुठे? शुद्धीकरण केंद्राजवळच्या नळाला ती नेहमीच पिवळी येते. ती करायला हवी बोळाच्या शेवटच्या घरात, पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत. गटाराचं पाणी आत शिरलं असेल तर त्यातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते आणि नळीत रंग येत नाही. एवढं कळलं तरी त्या गल्लीचा पाइप आज बदलायचा की उद्या, हे ठरवता येतं.

आता सर्वांत दुःखाचा भाग. ई विषाणूची कावीळ बहुतेक धडधाकट माणसांत महिना-दीड महिन्यात आपोआप बरी होते. मृत्यू शंभरात एखादा, कधी त्याहून कमी. गरोदर बाईचं गणित वेगळं. शेवटच्या तीन महिन्यांत तिला ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटातलं बाळही धोक्यात येतं. असं का होतं याचं पूर्ण उत्तर विज्ञानाला मिळालेलं नाही. दिल्लीच्या १९५५ च्या साथीतही गरोदर बायका इतरांपेक्षा कितीतरी जास्त दगावल्या होत्या, म्हणजे ही माहिती नवी नाही. कल्याण हे डॉ. आनंदीबाई जोशींचं माहेर. चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्या डॉक्टर झाल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. त्यांच्या गावात गरोदर बाईला आयर्न-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, धनुर्वाताची सुई मिळते. पण मार्च ते सप्टेंबर पाणी उकळूनच प्या, हे तिच्या कार्डावर ठळक अक्षरांत छापलेलं मला कुठे दिसलं नाही. माहेरपणाला आलेल्या मुलीला आई डिंकाचे लाडू करते, तशी तिच्यासाठी उकळलेल्या पाण्याची वेगळी कळशी भरायला हवी.

ए विषाणूची तऱ्हा निराळी. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत तो जवळपास प्रत्येक मुलाला लहानपणीच होऊन जायचा, तोही कळत-नकळत, कारण लहान मुलांत तो सौम्य असतो, डोळेही पिवळे होत नाहीत. मग जन्मभराचं संरक्षण. फ्लॅटमध्ये वाढलेल्या, फिल्टरचं पाणी प्यायलेल्या मुलांना लहानपणी तो भेटत नाही. ते विसाव्या-पंचविसाव्या वर्षी हॉस्टेलात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, ट्रेकला गेल्यावर त्याला भेटतात आणि मोठ्या वयात हा आजार जोरात येतो. केरळात २०२४ मध्ये एर्नाकुलमजवळच्या वेंगूर गावात नळाच्या पाण्यातून ए विषाणू पसरला, दोनशेवर लोक आजारी पडले, काही मरण पावले. केरळ, म्हणजे आरोग्यात देशाच्या पुढे असलेलं राज्य. डोंबिवली-ठाण्याचा मध्यमवर्ग आज नेमका त्याच वळणावर आहे: घर स्वच्छ, पाइप तसाच.

ए ची लस आहे. सरकारी मोफत लसीकरणात नाही, खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते, प्रकारानुसार एक किंवा दोन डोस. परवडत असेल त्यांनी मुलांना जरूर द्यावी. ई च्या लशीला चीनमध्ये २०११ मध्ये मंजुरी मिळाली, आपल्याकडे ती बाजारात नाही.

कावीळ झाल्यावर काय करतात? अजूनही माणसं कावीळ उतरवायला जातात. गळ्यात माळ बांधतात; ती रोज लांबत जाते आणि आजार उतरतो आहे असं वाटतं, प्रत्यक्षात काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, कारण हाताला आधी काहीतरी चोळलेलं असतं. ए आणि ई शंभरातल्या बहुतेकांत आपोआप बरे होतात, म्हणून श्रेय माळेला जातं. मला खरी काळजी वाटते ती नाकात टाकायच्या थेंबांची आणि दंडावर दिलेल्या डागांची, आणि त्यात जाणाऱ्या दिवसांची. रुग्णाला झोप आवरत नसेल, तो असंबद्ध बोलत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो वेळ माळेचा नाही, थेट रुग्णालयाचा आहे. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. आणि तापासाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने घेत राहू नये. सुजलेल्या यकृताला त्यांचा भार होतो. तेल-हळद बंद करून रुग्णाला आठवडाभर फक्त फुटाण्यांवर ठेवण्याचीही गरज नाही. त्याला जेवण हवं, विश्रांती हवी, दारू बंद हवी. आणि कावीळ झालेल्याला आवर्जून उसाचा रस पाजताना त्यातला बर्फ कुठला, हे तरी विचारावं.

पाणी खळखळून उकळलं की दोन्ही विषाणू मरतात. एक मिनिट पुरतं. मेणबत्तीच्या फिल्टरने ते अडत नाहीत. आरओ-यूव्हीचं यंत्र नीट चालू असेल तर अडतात. थंड पाण्याचे जार कुठे भरले जातात याची खात्री करून घ्यावी. पण उकळण्याची जबाबदारी घरातल्या बाईवर टाकून विषय मिटवणं मला मान्य नाही. गॅसचा सिलिंडर महिना पुरवणाऱ्या घराला रोज वीस लिटर पाणी उकळायला सांगणं म्हणजे पाइपाचा खर्च गरिबाच्या चुलीवर टाकणं.

मग करायचं काय? विषाणू शिरल्यापासून आजार दिसेपर्यंतचा तो महिना इथे कामाला येतो. आज ज्याचे डोळे पिवळे झाले, त्याने विषाणू महिन्या-सव्वा महिन्यापूर्वी गिळला. त्यामुळे आज नळाचा नमुना घेतला तर तो बहुधा स्वच्छच येईल, आणि 'पाणी योग्य आहे' असा अहवाल देऊन फाइल बंद होईल. तपास मागे जाऊन करायला हवा: त्या सुमारास या गल्लीत शटडाऊन होता का, पाइप फुटला होता का, रस्ता खोदला होता का, ड्रेनेज तुंबल्याची तक्रार होती का, टँकर आला होता का. ही सगळी माहिती महापालिकेकडेच असते. पाणी खात्याच्या एका रजिस्टरमध्ये, मलनिस्सारणच्या दुसऱ्या, आरोग्याच्या तिसऱ्या. तीन रजिस्टरं एका टेबलावर ठेवायला कुठल्या निधीची गरज नाही. रुग्ण नोंदवण्याची व्यवस्थाही आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे, आता तो संगणकावर आला आहे, डॉक्टरांसाठी एक फॉर्म, प्रयोगशाळेसाठी दुसरा. काविळीचे बहुतेक रुग्ण मात्र गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात आणि नाक्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातात, आणि तिथून नोंद वर जात नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा भर बी आणि सी वर आहे, ते आवश्यकच. ए आणि ई चं नियंत्रण मात्र औषधाच्या गोळीने होत नाही, प्लंबरच्या पान्याने होतं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे माझी मागणी सरळ आहे. दर आठवड्याला प्रभागवार दोन आकडे जाहीर करा: शेवटच्या घरातल्या ओटी चाचण्यांपैकी किती नापास झाल्या, आणि काविळीचे किती रुग्ण नोंदले गेले. गटारातून गेलेले पाइप मोजा आणि कोणत्या वर्षी किती बाहेर काढणार ते अंदाजपत्रकात लिहा.

आणि वाचकांना विनंती. घरात किंवा शेजारी कुणाला कावीळ झाली तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून गप्प बसू नका. एकाच इमारतीत किंवा गल्लीत महिनाभरात दोन रुग्ण दिसले तर प्रभागाच्या आरोग्य केंद्रात लेखी कळवा आणि पोच घ्या. पत्रात रुग्णाचा पत्ता लिहा, आणि त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत पाणी कोणकोणत्या दिवशी बंद होतं तेही लिहा.